पहिलं पाणी धानाला

ऑक्टोबरात धान गर्भात येतो आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. मग भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात तलावांच्या पाळीवर माणसं जमू लागतात. अशाच एका सकाळी मी तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, उघडताना पाहिलं. आधी गढूळ, मग निवळ पाणी पाटात शिरलं. फावडी घेतलेले शेतकरी पाण्याच्या पुढे चालत होते. कुठे फुटलेली कड चिखलानं बुजवत, कुठे गवत उपटत. वरची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, भरली की तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तोंड पाडून पाणी खालच्या बांधीत. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला या वेळचं पाणी चुकलं, तर लोंबीत दाणा भरत नाही.

ही व्यवस्था गोंड राजांच्या काळापासूनची. कोहळी समाजानं उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या, जादा पाणी वाहून जायला सलंग ठेवली. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, मालकीचे होते; 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे गेले. आज 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. मालकी बदलली, गाळ मात्र साचत राहिला आणि तेवढी पाण्याची जागा घटली.

तलाव रिकामा करून चालत नाही. तळाशी राहणाऱ्या पाण्यावर ढिवर समाजाची मासेमारी चालते, उन्हाळ्यात गुरांची तहान भागते. उथळ काठावरच्या पाणवनस्पतींत मासे वाढतात, हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात. म्हणूनच शिवनीबांध तलावावर पक्षी पाहायला आणि रावणवाडी तलावावर सहलीला लोक येतात. काठावरची ती संध्याकाळ मलाही हवीच असते.

पण सुशोभीकरणाच्या नावाखाली उथळ काठ खोदून सिमेंटची उभी भिंत बांधली, की माशांची वाढायची जागा आणि पक्ष्यांचं खाद्य दोन्ही जातं. बोटी फिराव्यात म्हणून पाणी अडवून धरलं, तर खालच्या बांध्या सुकतात. म्हणून तलावाच्या प्रत्येक विकास आराखड्यावर आधी पाणी वापरणाऱ्यांची, म्हणजे शेतकऱ्यांची आणि ढिवरांची, संमती हवी. निधी आला तर पहिला खर्च गाळ, तुडुम आणि पाटावर व्हावा. पायवाट, बाकं, नौकाविहार त्यानंतर. पाण्यानं भरलेला, जिवंत काठाचा तलाव पाहायला लोक आपोआप येतील.