कागद : लेखनाचा आधार आणि स्वतंत्र चिन्ह

कागदाचा विचार आपण बहुधा लेखनाच्या अनुषंगानेच करतो. अक्षर हे चिन्ह आणि कागद हा त्याचा केवळ आधार, अशी आपली समजूत असते. परंतु हातकागदाच्या इतिहासात असे प्रसंग आढळतात की, ज्यांत कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा तो कसा घडला यालाच अर्थ प्राप्त होतो. अशा दोन प्रसंगांची तुलना येथे करावयाची आहे.

प्रथम कृती लक्षात घेऊ. चिंध्या अथवा वनस्पतींचे तंतू भिजवून कुटतात व त्यांचा लगदा पाण्यात विरळ करतात. जाळीचा साचा त्यात बुडवून वर उचलला की पाणी निथळते आणि तंतू परस्परांत गुंतून ताव तयार होतो. दाबणे, वाळवणे, खळ देणे व घोटणे हे पुढील संस्कार होत. तंतूंना जोडण्यासाठी वेगळा गोंद लागत नाही. पाणी निघून जाताना ते आपसांतच बांधले जातात.

पहिला प्रसंग स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास ज्या उद्योगांचे पुनरुज्जीवन हाती घेतले, त्यांत हातकागद होता. पुण्याची हातकागद संस्था १९४० मध्ये निघाली. गिरणीच्या कागदाऐवजी हातकागदावर पत्र लिहिणे हेच त्या काळी एक विधान होते. पत्राचा मजकूर मग कोणताही असो.

दुसरा प्रसंग चित्रकार सोमनाथ होर (१९२१–२००६) यांचा. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि १९४६ चे तेभागा आंदोलन त्यांनी प्रत्यक्ष पाहून रेखाटले होते. १९७० च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी ‘जखमा’ ही चित्रमाला निर्माण केली. माती वा मेणाच्या थरावर ते छेद व ओरखडे करीत, त्यावरून सिमेंटचा साचा घेत आणि त्या साच्यात कागदाचा लगदा दाबून वाळवीत. बहुतेक चित्रांत पांढऱ्यावर पांढरेच आहे. मानवाकृती नाही, घोषणाही नाही.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. तयार कागद फाडला असता त्याचे तंतू तुटतात. होर यांच्या तावात मात्र तंतू जखमेच्या आकारातच एकमेकांना बिलगलेले आहेत. शाई खरवडता येईल. ही जखम काढावयाची तर तावच नष्ट करावा लागेल. हिंसेची खूण समाजाच्या घडणीतच मुरते, हे प्रतिपादन येथे चित्रविषयातून नव्हे, तर द्रव्यातून झाले आहे.

यावर आक्षेप असा की, शीर्षक काढून घेतल्यास उरेल तो केवळ खडबडीत पृष्ठभाग. आक्षेप अंशतः खरा आहे. आपल्या काव्यशास्त्राने व्यंजनेसाठी वक्ता, श्रोता, देश, काल व प्रकरण यांची अपेक्षा सांगितलीच आहे. हातकागदालाही तोच नियम लागू पडतो. एके काळी स्वावलंबनाचे विधान असलेला हा कागद आज लग्नपत्रिकेसाठी वापरला जातो, तेव्हा तो बहुधा अभिरुची तेवढी सुचवितो. कृती तीच राहते, व्यंग्यार्थ मात्र लोपतो.

म्हणून जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकाने मजकुराची नक्कल उतरवून घेतली म्हणजे काम संपले, असे मानू नये. ज्या तावावर तो मजकूर आहे, तो ताव कोणी, कशापासून व कोणत्या परिस्थितीत घडविला, याची नोंद नसेल तर त्या लेखाचे वाचन अपुरेच राहील.