चिमणी घेताना आधी पाइप बघा

चेन्नईत दिवाळी येते ती ऐन पावसात. महाराष्ट्रात चकल्यांचा घाणा तळायला घेतात तोवर पाऊस बहुधा परतलेला असतो आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी असते. चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिथला मुख्य पावसाळा. सर आली की खिडक्या बंद होतात आणि तळणाचा धूर घरातच कोंडतो.

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात ओरगडमचा हा औद्योगिक पट्टा आहे. २०१० मध्ये रेनो-निसानचा कारखाना इथे आला, २०१२ मध्ये डेमलरचा ट्रकचा, पाठोपाठ रॉयल एनफिल्डचा. वाहनांच्या चाचण्या घेणारं ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटरही इथलंच. पिंपरी-चाकणला उमेदवारी केलेल्या मराठी माणसाला हे वातावरण परकं वाटायचं कारण नाही. गाडीच्या धुरात काय काय असतं, हे या भागात अनेकांना तोंडपाठ असतं. कढईच्या धुराची तेवढी चौकशी होत नाही.

ती व्हायला हवी. गॅसची निळी ज्योत स्वच्छ दिसते, पण तिच्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. कडकडीत तापलेल्या तेलातून अतिसूक्ष्म कण आणि डोळे चुरचुरवणारं अॅक्रोलिन बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रखर आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. ओट्याशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा हा प्रश्न आहे. चिकट टाइल्सचा विचार नंतर. म्हणूनच कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून ती पुन्हा खोलीतच सोडणारी, डक्ट नसलेली चिमणी मला पटत नाही. ती तेल अडवते, वास थोडा कमी करते. उष्णता, वाफ आणि ज्वलनातले वायू बहुतांशी घरातच राहतात.

दुकानात पहिल्यांदा कानावर पडतो तो सक्शनचा आकडा: ताशी १२०० घनमीटर, १५०० घनमीटर. हा आकडा बहुतेकदा पुढे पाइपाचा अडथळा नसतानाचा असतो. पाइप जोडला की तो उतरतो. दहा बाय आठ फुटांच्या, दहा फूट उंच स्वयंपाकघरात जेमतेम २३ घनमीटर हवा मावते. ताशी ६०० घनमीटर खरोखर बाहेर गेली, तरी तासाला २६ खोल्यांएवढी हवा निघून जाते. तेव्हा मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा पाइपाकडे लक्ष द्यावं.

चिमणीचं तोंड साधारणपणे १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची असतं. पाइपही शेवटपर्यंत सहा इंचीच हवा. भिंतीत आधीचं चार इंची भोक असलं की मिस्त्री रिड्यूसर लावून मोकळा होतो. त्याने वाटेचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं आणि चार इंची पाइपातून तेवढीच हवा ढकलायला सुमारे साडेसात पट दाब लागतो. घरगुती मोटरला तो झेपत नाही; आवाज तेवढा वाढतो. प्रत्येक काटकोनातलं वळणही असंच हवा अडवतं. घड्यांचा लवचिक पाइप पूर्ण ताणून उरलेला कापून टाकायला लावा. फॉल्स सीलिंगमागे वेटोळं करून कोंबलेल्या पाइपात तेल साचतं, आणि चिमणीचं ऑटो-क्लीन तिथवर पोचत नाही. जमेल तिथे गुळगुळीत पत्र्याचा पाइपच घ्यावा.

आता भिंत. अॅल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये ओतलेल्या इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे कोअर कटिंगवाल्याला परस्पर बोलावू नये; आधी बिल्डरकडून नकाशा पाहावा, असोसिएशनची लेखी परवानगी घ्यावी. ती न मिळाल्यास खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवावा आणि त्यातून पाइप काढावा. बाहेरचं तोंड शक्यतो ईशान्येला नको. डिसेंबर २०१६ मधलं वरदा आणि डिसेंबर २०२३ मधलं मिचाँग, ही दोन्ही चक्रीवादळं याच हंगामातली. असा पाऊस आडवा मारतो. खाली वळलेलं काउल हवं, चिमणी बंद झाल्यावर आपोआप मिटणारी झडप हवी आणि भिंतीतून जाताना पाइपाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार हवा.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. म्हणून पावसातही आडोशाची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवावी. गॅस गीझर असलेल्या घरात तर हे विसरूच नये: घट्ट बंद घरात जोरदार चिमणी गीझरचा धूर, कार्बन मोनॉक्साइडसकट, आत ओढू शकते.

शेगडीपासून चिमणीची उंची बहुधा ६५ ते ७५ सेंटिमीटर असते. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. कॅलिफोर्नियातल्या १५ घरांमधल्या चिमण्यांची मोजणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. काही चिमण्या १५ टक्क्यांहूनही कमी धूर पकडत होत्या, तर काही ९८ टक्क्यांहून जास्त. मागच्या बर्नरवरचा धूर सहसा जास्त पकडला जात होता. म्हणून तळणीची कढई मागे ठेवावी. कारागीर घरात असतानाच उदबत्ती पेटवून पुढच्या बर्नरच्या कडेशी धरा. धुराची रेघ सरळ वर ओढली गेली तर ठीक. ती तुमच्या तोंडाकडे वळली, तर खिडकी उघडून पुन्हा पाहा. तरीही वळत असेल तर पाइप तपासायला सांगा, मगच पैसे द्या.

सिलिंडरचा गॅस गळल्याचा वास आला तर चिमणीच्या बटणाला हात लावू नका. हा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत पसरतो; वरची चिमणी त्याला धड ओढत नाही आणि बटणातल्या ठिणगीने भडका उडू शकतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर पडून मदत मागवा.