दोन विजांच्या सरहद्दीवरील पेटी

जुन्या मुंबई इलाख्यातील, आता कर्नाटकात असलेल्या उत्तर कानडा (कारवार) जिल्ह्यात तालुक्याचे ठाणे म्हणून नांदलेले सुपा गाव, काळी नदीवर गणेशगुडीपाशी १०१ मीटर उंचीचे धरण झाल्यावर, १९८०च्या दशकात आपल्या घरादारांसह जलाशयाखाली गेले, आणि मामलेदाराची कचेरी जोयड्यास जाऊन राहिली. धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच चालतात, खाली नागझरीस त्याहून कितीतरी मोठे वीजगृह आहे. तरीही अरण्यातून ओढलेल्या तारांवर पावसाळ्यात एखादी फांदी कोसळली की याच तालुक्यातील वाड्या अंधारात बसतात.

अशा मुलखात सूर्याच्या विजेचे महत्त्व बिलापेक्षा सातत्यात अधिक आहे, असे माझे मत आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते हे खरे. पण कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली दरमहा २०० युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळत असता, लहान कुटुंबाला बचतीचा हिशेब फारसा भुरळ घालीत नाही. शिवाय छपरावरच्या चकचकीत तावदानांकडे पाहणारा गृहस्थ भिंतीवरच्या ज्या पेटीकडे ढुंकूनही पाहत नाही, तिच्यावाचून हे सातत्य लाभत नाही.

ही पेटी म्हणजे सौर विजेचा स्वतंत्र बोर्ड, वायरमनच्या भाषेत डीबी. पूर्वी खेड्यांतून बसविलेल्या १२ व्होल्टच्या सौर दिव्यांना तिची गरज नव्हती, कारण त्यांचा सरकारी तारेशी संबंधच नव्हता. आता इन्व्हर्टर २३० व्होल्टची वीज घराच्या तारांत सोडतो. ३ किलोवॉटच्या संचातून सुमारे १३ अँपिअर प्रवाह येतो. तो पंख्याच्या जुन्या एमसीबीला (जादा प्रवाह होताच आपोआप पडणाऱ्या स्विचला) जोडून मोकळे होण्याचा मोह कंत्राटदारास होतो. परंतु तसे केल्यास त्या तारेस वरून सरकारी आणि मधूनच सौर असे दोन प्रवाह मिळतात, वरच्या एमसीबीला त्यांपैकी एकच दिसतो, आणि तार तापत असताही ती एमसीबी स्वस्थ बसते. म्हणून सौर विजेला स्वतःची एमसीबी, स्वतःची पुरेशा जाडीची तार आणि मुख्य बोर्डात स्वतंत्र प्रवेश द्यावा लागतो. छपराकडून येणाऱ्या डीसी तारांची पेटी तर निराळीच हवी, कारण सात-आठ तावदाने एकापुढे एक जोडली की दाब ३०० व्होल्टच्या आसपास जातो, आणि एसी प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येऊन ठिणगीला विझण्याची संधी देतो, तशी डीसी देत नाही.

लाइन गेली असता घरातील वीज उलट तारेवर चढली, तर खांबावरच्या लाइनमनच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर क्षणार्धात स्वतःस बंद करून घेतो, आणि लख्ख उन्हातही घर अंधारते. ‘एवढा खर्च करून हे काय?’ ही तक्रार येथूनच उद्भवते. तिचा इलाज म्हणजे बॅटरी, हायब्रिड इन्व्हर्टर आणि सरहद्दीवरच्या नाक्यासारखा दुसरा बोर्ड: दिवे, पंखे, फ्रीज यांना त्यावर परवाना, गीझर व विहिरीचा पंप मुख्य बोर्डावरच. दोन्ही बोर्डांचे न्यूट्रल मात्र बेफिकिरीने एकत्र बांधू नयेत; ग्रिडपासून तुटताना फेज व न्यूट्रल दोन्ही तुटावेत, अन्यथा प्रवाहाची गळती ओळखणारी आरसीसीबी वारंवार पडते.

वळिवाच्या विजांपासून रक्षण करणारे एसपीडी या पेट्यांत असतात, पण त्यांचे सामर्थ्य अर्थिंगवर अवलंबून. जांभ्या दगडाच्या जमिनीत, विशेषतः वैशाखात ती कोरडी पडल्यावर, मातीचा रोध वाढतो; तेव्हा एक कांब ठोकून समाधान न मानता अधिक कांबी जोडाव्यात व मोजणी करून घ्यावी.

अंदाजपत्रकात काटछाटीची कात्री पहिल्यांदा चालते ती याच सामानावर. म्हणून पैसे चुकते करण्यापूर्वी, ऊन असताना, वायरमनला मुख्य स्विच पाडावयास सांगावे: त्या स्विचच्या पुढे मुख्य बोर्डावर कोठेही वीज उरता कामा नये, आणि दुसऱ्या बोर्डावरचे दिवे चालू राहिले पाहिजेत.