वर्षाचा पेरा

वर्षारंभी केलेल्या संकल्पांचे, त्यांच्या घडणीवरून पाहिले तर, दोन प्रकार पडतात. एकात कुठवर पोहोचायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन्ही आधीच ठरलेले असते. दुसऱ्यात या वर्षी आयुष्याच्या कोणत्या भागाकडे अधिक लक्ष पुरवायचे एवढेच ठरवलेले असते. ‘डिसेंबरपर्यंत १२ किलो वजन कमी करणे’ हे पहिल्या प्रकारचे, म्हणजे उद्दिष्टाचे, उदाहरण होय. ‘यंदा प्रकृतीकडे लक्ष द्यायचे’ हे दुसऱ्या प्रकारचे, आणि त्याला येथे ‘लक्ष देण्याचे क्षेत्र’ किंवा नुसते ‘क्षेत्र’ म्हटले आहे. उद्दिष्ट गाठले तरी संपते आणि हुकले तरी संपते. प्रकृती, घरातली माणसे, वाचन, जमाखर्च यांची काळजी मात्र ३१ डिसेंबरला पूर्ण झाली असे कोणीच म्हणू शकत नाही.

आकडा आणि मुदत यांनी बांधलेले उद्दिष्ट घरोघरच्या डायऱ्यांत आले ते कारखान्यांतून आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांतून. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात उद्दिष्टांच्या आधारे व्यवस्थापन करण्याची कल्पना मांडली, आणि १९८१ मध्ये जॉर्ज डोरन या सल्लागाराने चांगल्या उद्दिष्टाचे पाच निकष सांगून त्यांच्या आद्याक्षरांपासून ‘स्मार्ट’ हा शब्द बनवला, जो आज प्रशिक्षणवर्गांत सर्रास शिकवला जातो. प्रत्येक उद्दिष्टाला पाचही निकष लागू पडतीलच असे नाही, हे स्वतः डोरन यांनी नमूद केले होते. पुढच्या प्रचारात हा सावधपणा गळून पडला, ही खेदाची गोष्ट आहे. शिवाय कंपनीत उद्दिष्टामागे माणसे, पैसा आणि वाटून दिलेली कामे उभी असतात, तर घरात एकाच माणसाने उद्दिष्ट ठरवायचे, त्यानेच राबायचे आणि मध्येच आईचे आजारपण किंवा अचानक बदली आली तर त्यानेच हिशेबही द्यायचा असतो.

उद्दिष्टांचा उपयोग होत नाही असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके केलेल्या संशोधनातून हे दिसून आले आहे की, ‘जमेल तेवढे करा’ असे मोघम सांगण्यापेक्षा नेमके आणि कठीण उद्दिष्ट दिल्यास काम अधिक होते. पण काम करणाऱ्याकडे ते करण्याची क्षमता असणे, त्याने ते मनापासून स्वीकारलेले असणे आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळणे, या अटी त्या निष्कर्षाला जोडलेल्या आहेत; काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल तर निकालाच्या आकड्यापेक्षा ‘हे कसे करायचे ते शिकणे’ हेच उद्दिष्ट ठेवणे अधिक फलदायी ठरते, असेही याच संशोधनाने दाखवले आहे. आयुष्यातली मोलाची बहुतेक कामे अशी नवी आणि गुंतागुंतीचीच असतात.

आकड्याची मनावर किती पकड बसते, हे मॅरेथॉन शर्यतींच्या नोंदींत स्पष्ट दिसते. जवळजवळ एक कोटी धावपटूंच्या वेळा तपासणाऱ्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तीन तास किंवा चार तास यांसारख्या पूर्ण आकड्यांच्या अगदी अलीकडे शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी होते आणि तो आकडा ओलांडताच ती एकदम ओसरते. शेवटच्या टप्प्यात आकडा पायांना बळ देतो, हे खरेच. पण शर्यत काही तासांची असते आणि वर्ष ३६५ दिवसांचे. लांबच्या मुदतीत एकदा आकडा हातातून निसटला की काय होते, याची चुणूक पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या १९७५ सालच्या प्रयोगात मिळते. त्यात आहारावर बंधन घालून न घेतलेल्या व्यक्तींनी मिल्कशेक प्यायल्यावर साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्ले, तर बंधन पाळणाऱ्यांनी ते उलट अधिक खाल्ले, कारण नियम मोडलाच आहे तर आता कशाला आवरायचे, अशी मनाची धारणा होते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस चुकलेला व्यायाम पुढचे अकरा महिने बंद पडतो, तो बहुधा याच वाटेने.

वाचनाचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. वर्षात ५० पुस्तके वाचण्याचा संकल्प केलेला वाचक ऑक्टोबरपर्यंत २८ वर अडकला की त्याचा हात कपाटातल्या जाडजूड खंडांना टाळून सडपातळ पुस्तकांकडे वळू लागतो. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ एकेका महिन्याच्या निसर्गावर लिहिलेले आहे, आणि चैत्राचे प्रकरण चैत्रात, श्रावणाचे श्रावणात, मधूनमधून खिडकीबाहेर बघत वाचले तर ते वर्षभर पुरते. पण आकड्याच्या हिशेबात ते दोन संध्याकाळींत उरकायचे २९वे पुस्तक ठरते. हे नुकसान कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, म्हणून ते अधिक वाईट. याच वाचकाने ‘यंदा निसर्गावरचे मराठी लेखन’ एवढे क्षेत्र निवडले असते, तर एक पुस्तक तीनदा वाचणेही त्याच्या वर्षाच्या जमेच्या बाजूला पडले असते.

कार्यपद्धतीवर लिहिणारे डेव्हिड अ‍ॅलन यांनी २००१ सालच्या आपल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात कामाकडे पाहण्याच्या सहा पातळ्या सांगितल्या असून, त्यांत हातातल्या कृती आणि चालू प्रकल्प यांच्या वर जबाबदारीच्या क्षेत्रांची पातळी ठेवली आहे. प्रकल्प पूर्ण होतो, क्षेत्र सांभाळावे लागते, हा त्यातला कळीचा भेद. क्षेत्रे निवडताना संख्या तीन-चारच्या पुढे जाऊ न देणे श्रेयस्कर, कारण सगळ्याकडेच अधिक लक्ष देणे म्हणजे कशाकडेच अधिक लक्ष न देणे होय.

क्षेत्र निवडण्यात मोघमपणाचा धोका आहे, आणि तो लहान नाही. ‘प्रकृतीकडे लक्ष’ असे लिहून वर्षभर काहीही न करणे सहज शक्य असते. त्यावर पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये विशद केलेली ‘जर-तर’ योजना उपयोगी पडते, जिच्यात प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच मारून ठेवलेली असते: संध्याकाळी ऑफिसातून घरी आल्यावर चप्पल न काढता तसेच कोपऱ्यापर्यंत चालून यायचे. येथे बांधलेली आहे ती कृती, वजनकाट्यावरचा आकडा नव्हे.

मराठी घरांना ही रीत अनोळखी नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात धरला जाणारा नेम, मग तो रोज पोथीचा एक अध्याय वाचण्याचा असो की कांदा-लसूण वर्ज्य करण्याचा, फळाची रक्कम ठरवत नाही. तो आचरण ठरवतो आणि मुदत संपल्यावर उद्यापन करून माणसाला मोकळे करतो. नेम पुष्कळदा कडक असतो, चुकला तर मनाला लागतो, हे मान्य करूनही, चार महिन्यांची मर्यादा ही त्यातली शहाणी योजना म्हणावी लागेल, कारण वर्षापेक्षा चार महिने माणसाच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. निवडलेल्या क्षेत्रांकडेही तीन-चार महिन्यांनी एकदा निवांत बसून पाहावे आणि परिस्थिती बदलली असेल तर एखादे बदलावे. परीक्षा, कर्जाचे हप्ते, प्रबंध सादर करण्याची तारीख अशा ठिकाणी मात्र आकडा आणि मुदत यांना पर्याय नाही.

‘क्षेत्र’ या शब्दाचा मूळ अर्थ शेत असा आहे, आणि सातबाराच्या उताऱ्यात तो आजही त्याच अर्थाच्या जवळ वापरला जातो. उताऱ्यातला गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. तीत कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर घेतले ते लिहिले जाते, पण पोती किती निघाली याचा रकाना नसतो. पड राहिलेल्या जमिनीची नोंदही तेथेच होते. वर्षाचे असेच पान कोणी मांडले, तर त्यात प्रकृती, मुलीचे दहावीचे वर्ष आणि वडिलांची दुखणी यांचा पेरा दिसेल, आणि ज्या गायनाच्या वर्गाला यंदा वेळ नाही, त्याच्यापुढे कोणताही अपराधभाव न ठेवता लिहिता येईल: पड.