जुने नेमबाजीचे पिस्तूल घेताना : आधी कागद, मग सिलिंडर, मूठ शेवटी

जुना माल विकत घेणे हा व्यापारातील एक स्वतंत्र हुन्नर आहे. नव्या मालाची हमी कारखाना देतो. जुन्या मालाची हमी घेणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी मिळवायची असते. शिलाई मशीन, यंत्रमाग, मोटारसायकल यांचा जुना बाजार आपल्या लोकांना पाठ आहे. परंतु अलीकडे एक वेगळीच विचारणा होऊ लागली आहे. बिडकीनसारख्या गावातही कापडाच्या दुकानात बसलेला गिऱ्हाईक आम्हाला विचारतो की, मुलगी नेमबाजी शिकते आहे, नवे पिस्तूल परवडत नाही, कुणाचे तरी वापरलेले मिळते आहे, घ्यावे काय?

हा शौक आता केवळ बड्या घरांचा राहिलेला नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात अनिसा सय्यद यांनी सुवर्णपदक मिळविले आणि राही सरनोबत यांच्या जोडीने दुसरेही सुवर्ण घेतले. २०१४ मध्ये ग्लासगो येथे राहीला सुवर्ण व अनिसाला रौप्य मिळाले. या दोन्ही महाराष्ट्राच्या लेकी. त्यांच्याकडे पाहून मुले या खेळाकडे वळत असतील तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र परदेशी बनावटीचे स्पर्धेचे नवे पिस्तूल लाखाच्या वर जाते. सबब जुन्याकडे पाहणे भाग पडते. तेथे नजर चुकली तर पैसा जातो, मुलाचे वर्ष जाते आणि कागदात खोट असेल तर पोलीस ठाण्याचा मामलाही उभा राहतो. म्हणून हा सौदा कोणत्या क्रमाने तपासावा ते येथे सांगत आहोत.

पिस्तूल कोणते, हे आधी ठरवा

स्पर्धेची पिस्तुले मुख्यत्वे दोन जातींची. पहिले १० मीटरचे हवेचे पिस्तूल. त्यातून ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. दुसरे २५ मीटरचे .२२ बोअरचे, ज्यात खरे काडतूस लागते. दिसायला दोन्ही सारखीच वाटतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवेच्या शस्त्राची ताकद २० ज्यूलपेक्षा अधिक किंवा नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी, त्याला परवाना लागतो. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो व सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो. हिशेब केला तर ताकद पाच-सहा ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. तरीही विकणाऱ्याचे मूळ बिल, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि पिस्तुलाचा क्रमांक लिहिलेली सहीची पावती घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत. परदेशातून आलेला माल असेल तर आयातीचे कागदही पाहावेत.

.२२ च्या पिस्तुलाचा मामला पूर्ण वेगळा. ते बंदुकीच्या वर्गात मोडते. घेणाऱ्याजवळ १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना आधी हवा. त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. प्रशिक्षणापुरती लहान वयात मिळणारी सवलत निराळी. बिडकीनच्या माणसाने जिल्हाधिकारी कार्यालयात जावे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात राहणाऱ्याने पोलीस आयुक्तांकडे. खासगी माणूस दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकणार असेल, तर त्याने आपला इरादा व घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र देता येत नाही. "पिस्तूल आज घेऊन जा, कागद मागाहून करू" असे म्हणणाऱ्याच्या दारातून तसेच परत फिरावे. विनापरवाना बंदूक बाळगण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षांची कैद आहे, ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आणखी एक बाब. अशी .२२ ची पिस्तुले आपल्याकडे प्रामुख्याने नामांकित खेळाडूंच्या नावे, सवलतीत, परदेशातून येतात. त्या सवलतीबरोबर विक्रीच्या अटीही येऊ शकतात. विकणाऱ्याची आयातीची फाईल मागून त्या अटी वाचाव्यात. पिस्तुलावर कोरलेला क्रमांक, परवान्यावरील क्रमांक आणि फाईलमधील क्रमांक हे तिन्ही एकच असले पाहिजेत. एका आकड्याचाही फरक असेल तर सौदा नको.

पहिल्या पिस्तुलासाठी आमचा सल्ला सरळ आहे. दहा मीटरचेच घ्यावे. पुढील तपासणीही त्याचीच आहे.

सिलिंडरवरील तारीख

आजच्या पिस्तुलात नळीखाली दाबलेल्या हवेचे लहान सिलिंडर असते. त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असते, यावरून दाबाची कल्पना यावी. म्हणून कारखाने सिलिंडरवर तारीख टाकतात व त्याची मुदत ठरवून देतात. कित्येकांची दहा वर्षे, काहींची वीस. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी खेळाडूची आहे आणि स्पर्धेत ते तपासले जाऊ शकते. पिस्तूल चकाकते, पण सिलिंडरची मुदत संपली आहे, असा माल बाजारात पुष्कळ येतो. अशा वेळी नव्या सिलिंडरची किंमत विचारून घ्यावी व ती सौद्यातून वजा करावी. मुदत संपलेले सिलिंडर भरून चालवण्याचा मोह मात्र धरू नये.

त्याच कंपनीचा हवा भरण्याचा जोड बरोबर आहे का, हेही पाहावे. एका कारखान्याचा जोड दुसऱ्याला बसेलच असे नाही. सिलिंडर भरून, काटा लिहून ठेवून, रात्रभर ठेवावे. सकाळी काटा उतरलेला दिसला तर वॉशर गेले असे समजावे. काही जुन्या पिस्तुलांत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड असतो. त्याचा दाब उन्हाबरोबर चढतो-उतरतो. आपल्या मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये ते काय करील, हे सांगायला नको.

चाप आणि नळी

नियमाने १० मीटर पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, किमान ५०० ग्रॅमचा भार सहन करणारा हवा. याची तपासणी कोणताही दुकानदार करू शकेल. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री करून ते चढवावे व नळी आकाशाकडे धरावी. मग प्रमाणित ५०० ग्रॅमचे वजन चापाला टांगून सावकाश उचलावे. वजन उचलले जाऊन चाप सुटला नाही तर ठीक. सुटला तर कुणीतरी आतले काही घासले किंवा स्प्रिंग हलकी केली असावी. स्क्रूच्या खाचा पाहाव्यात. झिजलेल्या खाचा म्हणजे अनाडी हाताने यंत्र उघडल्याची निशाणी.

इलेक्ट्रॉनिक चाप असेल तर बॅटरीची जागा गंजलेली नाही ना ते बघावे व सुटे भाग कोठून मिळतात याची चौकशी करावी. मोठ्या स्पर्धेतही यंत्र दगा देते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, वेळ गेला आणि ५७५ गुणांवर त्यांची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात त्यांनी कांस्य मिळविले.

नळीची परीक्षा रेंजवरच होते. पिस्तूल शिकंज्यात पक्के धरून दहा मीटरवरून एकाच डब्यातील दहा छर्रे सोडावेत. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. चांगल्या पिस्तुलाची सर्व छिद्रे त्यात आरामात मावतात, बहुधा एकमेकांत मिसळून जातात. पसरली तर छर्ऱ्याचा दुसरा डबा घेऊन पुन्हा पाहावे. तरीही पसरली तर नळीत ऐब आहे.

मूठ : दुसऱ्याच्या मापाची शेरवानी

आता ज्या गोष्टीवर गिऱ्हाईक सर्वांत आधी भाळतो ती गोष्ट. चांगले नेमबाज अक्रोडाच्या लाकडाची मूठ आपल्या हाताच्या मापाने घडवून घेतात. कोठे तासतात, कोठे लाकडाचा भुगा व गोंद भरतात. विकणारा सांगतो, "खास बनवून घेतलेले पिस्तूल आहे." त्याचे म्हणणे खरे असते, पण ते खास त्याच्यासाठी बनलेले असते. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर हिमरूची उत्तम शेरवानी दुसऱ्याच्या खांद्यावर शिवलेली आहे. कापड अस्सल, कारागिरी अस्सल, पण तुमच्या अंगावर ती ओढली जाणार. त्या कारागिरीचे जादा पैसे तुम्ही का द्यावेत?

मूठ उजव्या हाताची की डाव्या, हे प्रथम पाहावे. मग मुलाने डोळे मिटून पिस्तूल उचलावे, हात लांब करावा आणि डोळे उघडावेत. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली तर मूठ जमली. दर वेळी मनगट वळवावे लागत असेल तर जमली नाही. भर घातलेल्या मुठीने पिस्तूल नियमाबाहेरही जाते. मुठीसह संपूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवे आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. विकणाऱ्याकडे कारखान्याची मूळ मूठ असेल तर ती अवश्य मागून घ्यावी. वाढत्या वयाच्या मुलाचा हात दोन वर्षांत बदलतो. त्याला तीच उपयोगी पडेल.

किंमत कशी लावावी

त्याच पिस्तुलाची आजची नवी किंमत काढावी. त्यातून नवे सिलिंडर, नवी मूठ आणि वॉशर बदलण्याचा खर्च वजा करावा. उरलेल्या रकमेवरून वापराची घट धरावी व तेथून बोलणी सुरू करावीत. बयाणा थोडा द्यावा, तोही पावती घेऊन, आणि पावतीवर "रेंजवरील तपासणीनंतर सौदा पक्का" असे लिहून घ्यावे. उरलेली रक्कम बँकेमार्फत द्यावी. मुलाच्या प्रशिक्षकाला बरोबर न्यावे. त्याच्या एका दिवसाचे भाडे-चहापाणी हा या सौद्यातील सर्वांत स्वस्त खर्च होय.

मूठ बदलता येते, सिलिंडर बदलता येते, चाप दुरुस्त होतो. नळी बदलणे मात्र महागात पडते, आणि खोटा कागद तर कोणत्याच कारागिराकडे दुरुस्त होत नाही. म्हणून तपासणी कागदापासून सुरू करावी. कागद पटले नाहीत तर पिस्तूल पेटीतून बाहेर काढण्याचीही गरज नाही.