रब्बी ज्वारीच्या शेतातील हिवाळा : काल, काम आणि शब्द

भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या, खोल जमिनीवर उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत ज्वारी पेरली जाते. पुढे पाऊस जवळजवळ थांबतो आणि जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलाव्यावरच पीक वाढते. मंगळवेढ्याची ज्वारी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती अशाच जमिनीतील असून तिचे प्रसिद्ध वाण मालदांडी हे होय. दोन-चार एकरांच्या अशा शेतावर राबणाऱ्या कुटुंबाचा हिवाळा म्हणजे प्रथम राखण करण्याचा, नंतर वाट पाहण्याचा आणि शेवटी सर्वांनी एकदम झटण्याचा काळ असतो. या काळात त्या कुटुंबाच्या तोंडी असलेली भाषा अभ्यासकाने बारकाईने ऐकल्यास तिच्यात महिन्यांची नावे फारच थोडी आढळतात. काळ मोजला जातो तो कणसावरून.

ताटाच्या शेंड्याशी कणीस अद्याप पानाच्या वेष्टनात असते, तेव्हा ज्वारी ‘पोटरीला आली’ असे म्हणतात. पायाच्या पोटरीसारखा तो फुगवटा ज्याने पाहिला आहे त्याला या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही. कणीस बाहेर पडले की ज्वारी ‘निसवली’. दाण्यात दुधासारखा रस भरला की ती ‘चिकात’ आली, आणि तो रस घट्ट होऊन दाणा दाताखाली मऊ लागू लागला की ‘हुरड्यात’ आली. वरवर पाहता ही वनस्पतीच्या अवस्थांची नावे वाटतात. वस्तुतः प्रत्येक नावात एक आज्ञा दडलेली असते. ज्वारी चिकात आली, एवढेच वाक्य घरात उच्चारले गेले तरी उद्यापासून पाखरे राखायला कोणी जायचे हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

राखणीचा दिवस तांबडे फुटण्यापूर्वी सुरू होतो, कारण पाखरांची धाड पहाटे आणि दिवस कलताना अधिक असते. शेताच्या मध्यभागी चार मेढींवर माळा उभारलेला असतो. त्यावर उभे राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या. हे काम बहुधा घरातील म्हाताऱ्यांकडे किंवा शाळकरी मुलांकडे येते. चिमण्या आणि राघू हे बारमाही शत्रू. भोरड्या मात्र हिवाळ्यात दूर वायव्येकडून थव्यांनी येतात, आणि हा थवा बसला तर तासाभरात पिकाचा एखादा पट्टा रिकामा करतो. ‘दिवस कासराभर वर आला’ की पाखरांचा जोर ओसरू लागतो आणि न्याहारीची भाकरी शेतावर पोचते. कासरा म्हणजे बैलाला बांधायची दोरी. क्षितिजापासून सूर्याची उंची मोजण्यास शेतकऱ्याने आपल्या हातातीलच माप घेतले, आणि ज्या घरी आता बैल उरला नाही त्या घरीही ते माप चालू आहे. संध्याकाळी ‘कडुसं पडल्यावर’ माळ्यावरून उतरायचे. विहीर असलेल्या शेतकऱ्याचा दिवस मात्र तेथेही संपत नाही. विजेची पाळी रात्रीची असेल तर थंडीत, चिखलात उभे राहून गव्हाला ‘दारे धरावे’ लागते. मोट गेली, तिच्यामागे नाडा आणि सोंदूर हे शब्दही गेले. पण पाटाचे तोंड फोडून वाफ्यात पाणी वळविण्याचे काम तसेच राहिल्यामुळे दारे धरणे हा प्रयोग टिकला.

कोवळे धान्य भाजून खाण्याच्या प्रकारांना मराठीत एकच सामान्य नाव नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्वारीचा तो हुरडा, हरभऱ्याचा हुळा, गव्हाच्या ओंब्या. त्यांपैकी हुळा या शब्दाचे नाते अर्धवट भाजलेल्या कडधान्याचा वाचक असलेल्या संस्कृत ‘होलक’ शब्दाशी जोडता येते. हुरड्यासाठी गोवऱ्यांची आगटी पेटवितात, निखाऱ्यांत कणसे भाजतात आणि ती गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढतात. ही अवस्था प्रत्येक कणसाला थोडेच दिवस लाभते. दाणा एकदा टणक झाला की हुरडा गेला.

याच सुमारास, मार्गशीर्ष अमावस्येला, लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत सर्व कुटुंब शेतात जाते. कडब्याची कोप उभारून पूजा करतात, भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण होते आणि पिकावर आंबील शिंपडतात. या सणाचे छापील नाव ‘वेळा अमावस्या’, बोलीतील नाव ‘येळवस’. सीमेपलीकडे कन्नडात हीच अमावस्या ‘एळ्ळ अमावास्ये’ या नावाने ओळखली जाते. तेथे ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. बोलीतील ‘येळ’ हे प्रमाण मराठीत ‘वेळ’ होते, म्हणून सुशिक्षितांनी येळवस हेही अशुद्ध रूप मानून त्याचे शुद्धीकरण केले असावे. तसे असेल तर येथे अशुद्ध ठरविलेले रूपच मुळाला अधिक जवळचे आहे. ‘सुगी’ आणि कन्नड ‘सुग्गी’ यांचे साम्यही याच प्रदेशातील दीर्घ सहवासाची साक्ष देते.

माघ-फाल्गुनात सुगी येते. करडईचे काटे दवाने मऊ असतात, म्हणून ती भल्या पहाटे काढतात. ज्वारी पुष्कळ ठिकाणी कापीत नाहीत, मुळासकट उपटतात. ‘काढणी’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. शासकीय शेतीभाषेत तो आता सर्व पिकांना आणि यंत्राच्या कापणीलाही लावला जातो. उपटण्याचे काम कंबर मोडणारे असते. मागून स्त्रिया कणसे मोडतात आणि ताटांच्या पेंढ्या बांधतात. पाच पेंढ्यांचा पाचुंदा. विक्री शेकड्यावर. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने कडबा हे दुय्यम उत्पन्न नव्हे. पुढील पावसाळ्यापर्यंत जनावर दावणीला राहील की बाजारात जाईल, हे कडब्याच्या गंजीवर ठरते.

खरे खिंडार पडले ते खळ्याच्या शब्दांत. सारवलेली जमीन, मध्यभागी तिवडा, त्याभोवती फिरणारे बैल, वाऱ्याची वाट पाहून केलेली उपणणी, आणि त्याच जागी मोजून दिलेले बलुते : ‘गावगाडा’ (१९१५) वाचणाऱ्यास हे चित्र परिचित आहे. मळणी यंत्र बांधावर आले आणि आठवड्याचे काम काही तासांत उरकू लागले. तिवडा आज तरुणांना कळत नाही. ‘रास’ मात्र जगली, अर्थ पालटून. पूर्वी ती उपणलेल्या धान्याचा ढीग होती. लातूर-सोलापूरकडे आता ‘रास करणे’ म्हणजे यंत्रातून मळणी करणे, मग ती ज्वारीची असो वा सोयाबीनची.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२-३८) या क्षेत्रातील पुष्कळ शब्द नोंदविले. परंतु कोशातील नोंद अर्थ देते, क्रम देत नाही. पोटरी, चीक आणि हुरडा ही तीन वर्णानुक्रमाने तीन ठिकाणी विखुरतात, आणि त्यांच्यातील कामाची साखळी तुटते. मे महिन्याच्या सुटीत प्रश्नावली घेऊन गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही असेच सुटे शब्द मिळतात. पौषात माळ्याखाली बसणाऱ्याला ते क्रमाने मिळतील. ज्वारीखालील क्षेत्र सोयाबीन आणि उसापुढे मागे हटत असता, असे माळेही वर्षागणिक कमी होत आहेत. ‘हुरडा’ हा शब्द शहरात पोचला आहे; तेथे त्याचे निमंत्रण शनिवार-रविवार पाहून ठरते, दाणा दाताखाली कसा लागतो हे पाहून नव्हे.