रंगांवरून पेशींची ओळख

कांद्याच्या पापुद्र्यावर सॅफ्रानिनचा थेंब टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रक उठून दिसते, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत आम्ही करतो तेही मुळात हेच. फक्त तेथे प्रश्न अधिक अवघड असतो. समजा, मानेतील सुजलेल्या लसीका ग्रंथीचा तुकडा तपासणीसाठी आला आहे. सूज संसर्गामुळे आहे की कर्करोगामुळे? कर्करोग असल्यास तो कोणत्या पेशींचा? उपचार या उत्तरांवर अवलंबून असतात.

तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवतात आणि त्याचे ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात. हे काप जवळजवळ रंगहीन असतात. म्हणून त्यांना हिमॅटॉक्सिलिन व इओसिन हे दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिन लॉगवुड नावाच्या झाडाच्या लाकडापासून मिळते. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरतात. येथेही तुरटीमुळेच हा रंग केंद्रकाला धरून राहतो. केंद्रके निळी-जांभळी आणि भोवतालचा पेशीद्रव गुलाबी दिसतो. पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये इओसिन शोषून घेणारे कण असलेल्या पांढऱ्या पेशींना इओसिनोफिल हे नाव दिले, ते याच गुणावरून.

पण या रंगांना मर्यादा आहे. टी आणि बी या दोन्ही लसीका पेशी त्यांत सारख्याच दिसतात: गोल, गडद केंद्रक आणि भोवती पेशीद्रवाची बारीक कड. फरक असतो तो पृष्ठभागावरील प्रथिनांत. टी पेशींवर सीडी३, तर बहुतेक बी पेशींवर सीडी२० हे प्रथिन असते. ते ओळखायचे कसे?

शरीरात प्रतिपिंडे ठरावीक प्रथिनालाच चिकटतात. या गुणाचा उपयोग करून १९४१ मध्ये अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. पुढे १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची पद्धत शोधली. त्यामुळे ही तपासणी सर्वत्र करता येऊ लागली.

आज आम्ही कापावर प्रथम, उदाहरणार्थ, सीडी२० ला चिकटणारे उंदराचे प्रतिपिंड घालतो. न चिकटलेले धुऊन टाकतो. नंतर उंदराच्या प्रतिपिंडाला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड घालतो. त्याला पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेले असते. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डायअमिनोबेंझिडिन घातले की विकर असेल तेथेच तपकिरी साका बसतो. पहिल्या प्रतिपिंडाच्या एका रेणूला दुसऱ्याचे अनेक रेणू चिकटू शकतात, म्हणून रंग गडद येतो.

येथे फसगतही होऊ शकते. तांबड्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी यांच्यात पेरॉक्सिडेजसारखी क्रिया मुळातच असते. त्यामुळे त्याही तपकिरी होतील. म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन ती क्रिया थांबवतात. शिवाय दोन काचपट्ट्या सोबत लागतातच. एकीवर टॉन्सिलचा काप असतो. तेथे रंग यायलाच हवा. दुसरीवर पहिले प्रतिपिंड घालत नाहीत. तेथे रंग येता कामा नये.

निरोगी ग्रंथीत बी पेशींचे गोल पुंजके आणि त्यांच्यामध्ये टी पेशी अशी मांडणी असते. ही मांडणी मोडून सगळीकडे बी पेशीच पसरलेल्या दिसल्या, तर बी पेशींच्या कर्करोगाची शंका बळावते. मात्र तपकिरी रंग म्हणजे कर्करोग नव्हे. रंग कोठे आणि कसा आला, हे पाहावे लागते. निदान पक्के झाले, तर याच सीडी२० ला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे औषध देता येते. त्याला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न: रुग्णाची काचपट्टी तपकिरी आली आणि पहिले प्रतिपिंड न घातलेलीही तपकिरी आली, तर काय निष्कर्ष काढाल? निष्कर्ष काढायचा नाही, प्रयोग पुन्हा करायचा, हे ज्याला सुचेल त्याला नियंत्रित प्रयोगाचा अर्थ समजला.